गोळी कोणी झाडायची

तेयोमामांच्या सिनेमात बंदूक खरी असे आणि गोळीही खरी. खोट्या गोळ्या राजधानीहून मागवाव्या लागत. खऱ्या काय, मानाबी प्रांतात घरोघरी साखरेच्या डब्याशेजारी सापडतात. फ्रिज दुरुस्त करता करता मामांनी सगळी भाचरं-जावई गोळा करून सिनेमे काढले, आणि तरी कोणी मेलं नाही. कारण नियम एकच होता: गोळीसमोर जो उभा राहील, त्यानेच झाडणारा निवडायचा.

मामांचा भाचजावई विस्मार नेहमी आपल्या बायकोलाच निवडायचा. दालिंदाचा नेम सगळ्या नदीकाठाला ठाऊक होता.

यंदाचा सिनेमा विनोदी होता. तांदळाच्या गिरणीतली तिजोरी चोर गाढवावर लादून पळवतात. काल चोर झालेल्या विस्मारने पहारेकरीण दालिंदाच्या थोबाडीत मारायचं होतं, तेही हवेत. पण कोंबड्यांच्या झुंजीत पैसे हरून आलेल्या नवऱ्याला तिने सकाळीच टोमणा मारला होता. त्याने असा हात लगावला, की तिचा ओठ फाटला आणि दात तांदळात पडला.

"वा, काय काम केलंस," मामा म्हणाले. सगळे हसले, विस्मारही हसला. दालिंदा तांदळात दात शोधत राहिली. माराचं तिला नवल नव्हतं, ते हसणं मात्र फार लागलं.

आज पळत्या चोराची टोपी उडवायची होती.

"कोण झाडणार?" मामांनी रीतसर विचारलं.

विस्मारच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्याचं नाव घ्यावं, तर कालची थप्पड खरी होती हे कबूल. बायकोचं घ्यावं, तर समोर बंदूक. इकडे आड, तिकडे विहीर.

"दालिंदाच," तो म्हणाला. "बायको आहे माझी."

पहिल्या गोळीला टोपी उडाली.

"झकास," मामा म्हणाले.

"परत घेऊ या, मामा. तोंड सुजलंय माझं, चेहरा नीट आला नसेल."

दुसऱ्या गोळीने कानाची पाळी नेली. रक्त सदऱ्यावर उतरलं. गाढव तिजोरीसकट उसाच्या शेतात पसार झालं, पण त्याला आणायला कोणी हललं नाही.

"परत," दालिंदा म्हणाली.

"अगं, वेड लागलंय का तुला?" विस्मार कान दाबून ओरडला.

"काम करतेय."

आता नेम कपाळावर होता. हात जराही थरथरत नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

विस्मार गुडघ्यांवर बसला. "ते काम नव्हतं," तो म्हणाला. "काल खरंच मारलं मी तिला. घरीही मारतो."

दालिंदाने नळी वळवली आणि उरलेल्या गोळ्या पोत्यांत रिकाम्या केल्या. तांदूळ भळाभळा वाहू लागला.

"काल तुम्ही हसलात, मामा."

मामांनी मान खाली घातली. कॅमेरा चालूच होता.

"यातलं काही कापायचं नाही," ती म्हणाली, आणि बंदूक त्यांच्या हातात देऊन आईच्या घरी निघून गेली.

गावच्या चौकात सिनेमा लागला तेव्हा लोक पोट धरून हसले. थोबाडीत बसली तिथेही हसले. मग पडद्यावर विस्मार गुडघ्यांवर बसून बोलला. मागच्या रांगेतली एक बाई उठली आणि आपली खुर्ची उचलून नवऱ्यापासून लांब जाऊन बसली.