मागे बघत चालणारे काका

"मोठे काका, तुम्ही सारखं मागे वळून कोणाला बघता?"

विचारलं एकदाचं. आमच्या टोळीची पैज होती की मी तोंडातल्या तोंडात पुटपुटून परत येईन. पण वक्तृत्व स्पर्धेत नंबर आल्यापासून मी कोणाच्या बापाला घाबरत नाही.

काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, रेल्वेत गँगमन होते, रुळांची डागडुजी करायचे. बंद पडलेल्या लाइनवरून ते अजून रोज नदीकडे फिरायला जातात आणि थोड्या थोड्या वेळाने मान वळवून मागे बघतात. कोणी म्हणतं भुताला, कोणी म्हणतं बायकोला. बायको त्यांना कधी नव्हतीच.

काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गाडीला."

"गाडी बंद होऊन जमाना झाला की."

"ते मानेला कोण सांगणार?"

आणि हसत हसत मलाही बरोबर चल म्हणाले.

वाटेत एकच विषय, आमचं बाळ. सोमवारपासून आई पुन्हा नर्सच्या कामाला लागणार होती, सकाळच्या पाळीला. बाबा कारखान्यात, माझी शाळा सकाळची. म्हणजे सकाळभर बाळ काकांकडे. दूध किती कोमट करायचं, लंगोट कसा बदलायचा, सगळं त्यांनी आईकडून घोकून घेतलं होतं. भेटेल त्याला सांगायचे, मला पुन्हा ड्यूटी लागली म्हणून.

घरं मागे पडली. रुळांना गंजाचे पापुद्रे, खडीतून गुडघाभर गवत. एका बाजूला ऊन खाली उतरू न देणारी झाडी, दुसऱ्या बाजूला भरावाच्या पायथ्याशी नदी. काका रुळांखालच्या स्लीपरवर पाय टाकत पुढे, मी मागून अखंड बडबडत. ते हूं नाही की चूं नाही. वाटलं, दम लागला असेल.

कडेची खडी पायाखालून सरकली आणि मी घसरत खाली गेले. एका झुडपाचं मूळ हाताला लागलं म्हणून थांबले. खाली पाणी, हिरवं आणि गप्प. मी हाक मारली. मग घसा फोडून ओरडले. झाडीतले पक्षी उडाले, पण काका त्याच संथ चालीने वळणावर चालले होते, त्यांची पाठ लहान लहान होत होती. मूळ मातीतून सुटायला लागलं.

तेव्हा त्यांनी मान वळवली. नुसती सवयीने. मी जागेवर नव्हते.

धावत येऊन त्यांनी मला मनगटाला धरून वर ओढलं.

"इतकी ओरडले, काका. ऐकलं नाहीत?"

ते रुळावर बसले आणि हळूहळू सगळं सांगितलं. नोकरीतच कान गेले होते. बोलले असते तर कामावरून काढलं असतं, म्हणून मागे बघत राहिले. कानाच्या मशीनचा उपयोग नाही, असं डॉक्टर केव्हाच म्हणाले होते. आमच्याशी बोलायचे ते ओठ बघून. घरात कोणालाच पत्ता नव्हता.

"घरी बोलू नकोस," ते म्हणाले. "बाळावरून नजर हलवणार नाही मी."

"आणि डोळा लागला तर?"

परतताना मला पुढे चालायला लावलं.

रात्री मी ताटातला भात नुसता चिवडत बसले. सांगावं तर काकांच्या मांडीवरून बाळ जाणार. न सांगावं तर बाळ रडून रडून निळं पडेल आणि काका शेजारीच झोपलेले असतील. आई सोमवारच्या गणवेशाला इस्त्री करत होती. बाळाचं मुटकुळं काकांच्या कुशीत, आणि काकांची नजर माझ्या ओठांवर.

आमची शाळा दुपारीही भरते, पण त्या वर्गात माझ्या ओळखीचं काळं कुत्रंही नाही. अख्खी टोळी सकाळची.

मी ताट बाजूला सारलं आणि काकांना माझे ओठ नीट दिसतील अशी उभी राहिले.

"आई, बाबा, काकांना ऐकू येत नाही. तरी बाळ त्यांच्याकडेच राहील. मी दुपारच्या वर्गात बदली मागतेय. सकाळी मी घरीच असेन."