डावीकडचा तिसरा खांब

विद्यापीठाच्या चॅपलमधले खांब संगमरवरी नाहीत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आत विटा, वर गिलावा आणि त्यावर रंगवलेला संगमरवर. पाहुणे येतात, निळ्या छतावरच्या सोनेरी चांदण्या बघून आ वासतात आणि जाताना खांबावरून हात फिरवून म्हणतात, काय दगड आहे हो! दगड कसला डोंबलाचा. एका रंगाऱ्याने ऐन तारुण्यात एकट्याने रंगवलेले खांब ते.

तो रंगारी आता म्हातारा झाला होता. काम आवडलं तर तो गप्प बसायचा म्हणे, पण तो गप्प बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मुलाने ब्रशला हात लावला नाही, तो बस चालवायला गेला. हात लावला तो सुनेने. तिने सासऱ्याचे ब्रश धुतले, रंग घोटले, बोलणी खाल्ली आणि कला शिकून घेतली.

यंदा छत गळलं आणि एका खांबाचा गिलावा ढासळला. म्हाताऱ्याचे गुडघे धरलेले, शिडी बंद. मग तो खांब नव्याने सुनेने रंगवला. त्यानंतर वेदीवरची मोठी कमान रंगवायची होती आणि तिचा सगळा जीव त्या कमानीत अडकला होता. सुनेला द्यायची की बाहेरचा कारागीर आणायचा, ते विद्यापीठाच्या ऑफिसने म्हाताऱ्यावर सोपवलं.

"कुठला खांब ते मला सांगायचं नाही," त्याने बजावलं. "ओळखू आला, तर कमान विसर."

आज तो काठी टेकत आला. राखणदाराने दिवे लावले. बाकांच्या रांगांमधून म्हातारा एकेका खांबापाशी थांबू लागला. सून मागे, रंगाची पेटी घेऊन.

वेदीजवळच्या खांबाला त्याने तळवा लावला. "हा बघ. शीर कशी खऱ्या दगडातल्यासारखी अडखळत गेलीय. मी हा काढला तेव्हा तुझा नवरा रांगत होता."

तो सुनेचा खांब होता. राखणदाराने तोंड उघडलं, सुनेने डोळ्यांनीच त्याला दटावलं. तिला हसू येत होतं आणि रडूही.

डावीकडच्या तिसऱ्या खांबापाशी मात्र म्हाताऱ्याने काठी आपटली. "हा तुझा! ही शीर बघ, नुसती मिरवतेय. अगं, दगडाला कुणी बघावं असं वाटत नसतं. लोकांनी वाहवा करावी म्हणून काढलीयस ही."

खांब त्याचाच होता. सगळ्यात नावाजलेला.

सुनेने पेटी खाली ठेवली. सांगितलं तर कमान मिळेल, पण म्हातारा या वयात, राखणदारासमोर, तोंडावर पडेल. जाऊ दे कमान, तिने मनाशी म्हटलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याने पेटी उघडून पांढरा रंग कालवला आणि शिरा ओढायचं पीस बुडवलं. "बस इथे. मीच पुसून टाकतो ती."

आता मात्र तिच्याने राहवेना. तिने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, हा तुमचा खांब आहे. माझा तो, मघाचा."

म्हातारा तसाच उभा राहिला. पिसातून रंगाचा थेंब फरशीवर पडला. मग तो खांबाच्या अगदी जवळ गेला, नाक टेकेल इतका जवळ, आणि त्याने ती शीर खालपासून वरपर्यंत पाहिली.

"माझा असेना का," शेवटी तो म्हणाला. "चूक ती चूकच. लोक वाखाणत राहिले आणि मीही ऐकत बसलो." त्याने पीस तिच्या हातात दिलं. "घे, तू कर. माझ्या हातून पुन्हा तशीच निघेल."

"बाबा, राहू द्या ना."

"कर म्हणतो ना."

तिने पीस घेतलं. म्हातारा मागच्या बाकावर जाऊन टेकला आणि तिच्याकडे न बघता राखणदाराला म्हणाला, "कमानीला हिला उंच शिडी लागेल. आजच काढून ठेव."