झालं, पाठव

घरात त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव बाबांनी ठेवलेलं. आधी चिडवायला, मग कौतुकाने. सव्वादोन वर्षं तो मागच्या खोलीत बसून लोकांची गाणी जुळवत होता. गाणाऱ्याचा आवाज किती पुढे हवा, ड्रम किती, बास गिटारचा खर्ज किती, हे ठरवून सगळ्यांची नीट मोट बांधून द्यायची, हे त्याचं काम. टेबलावर त्याचे दोन काळे मॉनिटर स्पीकर होते. घरोघरचे स्पीकर गोडबोले असतात, वाईट गाणंही गोड करून ऐकवतात. हे दोघे तोंडावर सांगणारे. त्यांचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

आणि आता हेच दोघे त्याला तोंडघशी पाडत होते.

बाबा जाऊन तीन महिने झाले होते. तेव्हापासून त्याच्या हातून एकही काम धड होईना. इथे गाणं भरदार वाजायचं, पण दुसऱ्याच्या गाडीत गेलं की नुसता पत्र्याचा डबा. दोन गिऱ्हाइकांनी तर काम काढूनच घेतलं. आता एका नव्या गायिकेचं पहिलंवहिलं गाणं तीनदा परत आलं होतं. पोरगी स्वभावाने गरीब, पण सकाळी फोनवर तिचाही धीर सुटला.

"दादा, माझा आवाज हवेत लोंबकळतोय हो. खाली काही आधारच नाही त्याला. संध्याकाळपर्यंत बघा, नाहीतर मी दुसरीकडे देते. राग मानू नका."

त्याने राग मानला नाही. हेही परत आलं तर स्पीकर खोक्यात भरायचे आणि हा धंदा बंद करायचा, एवढं मात्र त्याने मनाशी ठरवून टाकलं. कानाच्या डॉक्टरांकडे तो जाऊन आला होता. कान ठणठणीत होते. खरं कारण त्याला ठाऊक होतं, पण कोणाला सांगायची लाज वाटत होती. बाबांशिवाय त्याला हे काम येतच नव्हतं.

शेवटची दोन वर्षं बाबा याच खोलीत अंथरुणाला खिळून होते. मागच्या भिंतीला लागून त्यांचा पलंग, आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यावर एकावर एक तीन जाड गाद्या. हा स्पीकरकडे तोंड करून बसायचा, बाबा मागे पडून असायचे. एकच बटण तो तासभर पुढे-मागे करत बसला की मागून आवाज यायचा, "अजून नाही." मग कधीतरी, "झालं. पाठव." बाबांच्या 'झालं'नंतर पाठवलेलं गाणं एकदाही परत आलं नव्हतं.

दुपारी तो चौथ्यांदा बसला. बाहेर आईची खुडबुड चालू होती. बाबा गेल्यावर लगेच पलंग एका ओळखीच्या आजाऱ्याला देऊन झाला होता, तेव्हापासून गाद्या तेवढ्या पॅसेजमध्ये उभ्या होत्या. त्या न्यायला चार वाजता एक गृहस्थ येणार होते, आणि त्याआधी आईला तिथली फरशी पुसायची होती. म्हणून तिने एकेक गादी ओढत त्याच्या खोलीत आणली आणि मागच्या भिंतीला टेकवली. गाणं चालूच होतं. दोन गाद्या लागल्या, तिसरी लागली, आणि तो खुर्चीतून ताडकन उठला.

"काय केलंस तू?"

"अरे, पाच मिनिटं. एवढं ओरडायला काय झालं? फरशी वाळली की नेते बाहेर."

"आत्ता ने! आणि परत आण. एकेक करून."

"डोकं फिरलंय का तुझं?" म्हणत आईने गाद्या बाहेर नेल्या आणि परत आणल्या. चिरंजीवांनी हात लावला नाही, ते डोळे मिटून ऐकत होते. गाद्या बाहेर गेल्या की खोलीभर खर्ज घुमायचा. गाद्या आत आल्या की घुमारा गप्प, आणि त्याचं गाणं उघडं पडायचं. खालून पार पोकळ होतं ते. मोकळ्या भिंतीवर आपटून खर्ज त्याच्या खुर्चीपाशी साठत होता, आणि तो फार झाला म्हणून हा शहाणा तीन महिने कापत बसला होता. स्पीकर बिचारे खरंच बोलत होते, मध्ये भिंत बडबडत होती.

तो पोट धरून हसला. हसता हसता त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे बाबा नव्हतेच गं. नुसत्या गाद्या होत्या. मी आपला समजत होतो, बाबांचे कान..."

"ह्यांचे कान?" आई एक गादी आडवी करून तिच्यावरच टेकली. "शेवटचं दीड वर्ष ह्यांना ऐकू कुठे येत होतं? मी बोलले की माझ्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचे."

"काहीतरीच! मग 'झालं' कसं म्हणायचे?"

"तू पाठमोरा बसायचास ना. काम अडलं की तुझे खांदे वर कानाला भिडतात. मनासारखं झालं की आपोआप खाली येतात. दिवसभर तेवढंच बघत पडायचे. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस. त्याचं त्याला कळलेलंच असतं, मी फक्त मोठ्याने म्हणतो."

त्याला भडभडून आलं. दीड वर्ष तो ज्या माणसाकडे पाठ करून बसला होता, तो माणूस ती पाठच वाचत होता. आईने त्याला पोटभर रडू दिलं आणि मग पदराने आपलेही डोळे पुसले.

चार वाजता बेल वाजली. आईने दारातूनच त्या गृहस्थांची माफी मागितली. गाद्या घरातच लागणार आहेत, म्हणाली. परत येऊन ती गादीवर बसली तेव्हा तो कामाला लागला होता. कापलेला खर्ज त्याने थोडा थोडा परत आणला, आणि मुलीच्या आवाजाखाली हळूहळू जमीन आली. आई मागे आहे हे तो विसरूनच गेला.

"झालं," मागून आवाज आला. "पाठव."

त्याने वळून पाहिलं. दोन्ही कानांत बोटं घालून आई त्याच्या पाठीकडे टक लावून बसली होती.

त्याने गाणं पाठवलं. उत्तराची वाट बघत तो तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. काही वेळाने फोनवर दोन ओळी आल्या. "दादा, गाडीत बसून ऐकलं. आता याला हात लावू नका."

आईला वाचून दाखवायला तो वळला. गाणं वाजतच होतं आणि तिने बोटं काही काढली नव्हती. मग तो पुन्हा पाठमोरा झाला, आणि त्याने नुसते खांदे खाली सोडून दाखवले.