न काढलेलं उभं चित्र

"अंदाज बांधणं म्हणजे पाहणं नव्हे, शहाणे!" माझ्या पाठीवर टिचकी मारत कुवाबाराबाई म्हणाल्या होत्या. मी ते मनावर घेतलं नाही.

मित्रांनो, मी जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका रुग्णालयातली फुफ्फुसांची चित्रं काढणारी जुनी मशीन आहे. कुवाबाराबाई मला चालवतात. माणूस आडवा झाला की फुफ्फुसांचा पाठीकडचा भाग दबतो, तिथे सावली दिसते. उभा राहिला की ती विरते. हजारो माणसांची आडवी-उभी चित्रं पाहून माझ्यातली कृत्रिम बुद्धी हे शिकली. पुढे तर मी आडव्या चित्रावरूनच उभं चित्र रेखाटू लागले. मोठे डॉक्टर मला पाहायला येत. मला गर्व झाला.

एका सकाळी किनुआजी सुनेबरोबर आल्या. आडव्या चित्रात पाठीकडे सावली होती.

"आजी, आता उभ्याने एक," बाई म्हणाल्या.

"नको गं बाई, मागे सहा जण ताटकळलेत. माझं सगळं ठीक आहे."

"ठीक कसलं! रात्रभर बसून झोपतात," सून म्हणाली.

"मांजर गादी बळकावतं, मी काय करू?" आजी हसल्या. औषधं विकणाऱ्यांचं घर त्यांचं. औषधांबरोबर कागदी फुगा भेट द्यायची तिथली जुनी रीत, म्हणून आजीही कुठेही गेल्या की फुगा देत. बाईंच्या हातात त्यांनी घडी घातलेलाच ठेवला. "फुगवूनच देते नेहमी. आज दम पुरला नाही."

आडवं झालं की दम लागतो, म्हणून माणूस बसून किंवा उशा रचून झोपतो; पण हे नोंदवायला माझ्यात रकानाच नव्हता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईने उभं चित्र रेखाटलं. सावली नाही! डॉक्टरांनी विश्वास ठेवला, आजी घरी गेल्या.

तीन आठवड्यांनी त्यांना उचलून आणलं. या वेळी बाईंनी आणि सुनेने धरून उभं केलं. सावली विरली तर नव्हतीच, चांगली पसरली होती. फुफ्फुसाचा तेवढा भाग कडक झाला होता.

आजी वाचल्या. आता नाकाला नळी असते. परवा तपासणीला आल्या, माझ्यापुढे कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे तुला बोल लागला, माफ कर हं." मला मान असती तर मी ती पुन्हा वर केली नसती.

तो फुगा बाईंच्या टेबलावर अजून घडीतच आहे.

मित्रांनो, "माझं सगळं ठीक आहे" म्हणणारं तुमच्याही घरात कुणी असेल. नुसतं विचारू नका, ते ठीकच म्हणतील. आज त्यांच्या अंथरुणाशी जा आणि उशा किती रचल्यात, ते डोळ्यांनी पाहून या.