नवख्याच्या मापाचं गाणं

"बाही काढा म्हटलं होतं हो मी. वाढवा नव्हतं म्हटलं," ड्रायव्हिंग स्कूलचे सर काउंटरवर वाकून, जवळजवळ वहिनींच्या कानातच पुटपुटले. जॅकेटची बाही त्यांच्या बोटांच्याही खाली लोंबत होती. आणि काम काय सुबक! जोड कुठे दिलाय, ते शोधून सापडेना.

खरं तर पुटपुटायची काही गरज नव्हती. वहिनींचे यजमान, टेलर मास्तर, हाताच्या अंतरावर शिलाई मशीनवर बसले होते, पण त्यांच्या मागे ताशा वाजवला असता तरी त्यांनी मान वळवली नसती. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. तरीही गल्ली पुटपुटायची. माणसं चांगली होती, दुसरं काय.

वहिनींनी जॅकेट ठेवून घेतलं, उसवून देते म्हणाल्या. अलीकडे त्यांचा अर्धा दिवस नवऱ्याने शिवलेलं उसवण्यातच जायचा.

दुकानाच्या पाटीवर 'सर्व प्रकारचे अल्टरेशन' असं लिहिलेलं होतं, आणि मास्तरांच्या आयुष्याचा सगळा घोळ त्याच शब्दातून झाला होता. तरुणपणी धाकट्या भावाने त्यांना एक गाणं ऐकवलं आणि ह्या प्रकाराला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात म्हणून सांगितलं. तेव्हा मास्तरांचे कान शाबूत होते, पण टेलरचे कान ते. त्यांना ऐकू आलं 'अल्टर'. पुढे ते गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे की रॉक म्हणजे रेडीमेड माल, सगळ्यांना एकच साइझ; ह्या पोरांनी त्याच्या शिवणी उसवल्या आणि आपल्या अंगाला बसेल असा अल्टर केला. चूक कुणी दुरुस्त केली नाही. वहिनींना तर वाटायचं, खरा अर्थ ह्याच्याहून बरा असेलच असं काही नाही.

एकदा माप घ्यायला माणूस उभा राहिला, की त्याची सुटका नसायची. हात वर केलेले, टेप छातीभोवती, पळणार कुठे? नवख्याला आधी 'ओले बूट'. सैल बँड, कुणालाही बसतो. मग 'तिसरा मजला', कमरेत जरा घट्ट. 'गंजकी शिडी' मात्र सवय झाल्यावरच. तो अंगावर चढवायला दुसरं माणूस लागतं. बँडची परकी नावं मास्तर अशीच आपल्या बोलीत आणून सांगायचे. बिचाऱ्या बँडांना त्याचा पत्ताही नसेल. पण शिफारस अचूक असायची. नाकं मुरडणारी कितीतरी माणसं पँट न्यायला आली ती गाणं गुणगुणतच.

आता मात्र शिफारशीच बदलल्या होत्या. 'ओले बूट'चा गायक मुद्दाम पुटपुटतो, हीच त्यातली कला, असं मास्तर सांगायचे. मग 'तिसरा मजला'चाही पुटपुटायला लागला. होता होता जगातले सगळेच गायक मुद्दाम पुटपुटायला लागले, आणि मास्तर त्यांचं कौतुक करता करता गाण्यांचा आवाज वाढवत गेले. शेवटी समोरच्या दवाखान्यातून निरोप आला, तेव्हा वहिनींनी त्यांना हेडफोन आणून दिला.

धाकटे भाऊजी चष्म्याचं दुकान चालवायचे. लोकांना दिसत नाही हे सांगण्यावर त्यांचं पोट होतं, पण सख्ख्या भावाला ऐकू येत नाही हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. वहिनी, तुम्हीच सांगा, माझं ते ऐकायचे नाहीत, असं ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "माझं ऐकतात असं कुणी सांगितलं तुम्हाला?" दोघं हसले, आणि तो विषय त्या हसण्यात पुन्हा एकदा वाहून गेला.

वहिनींना भीती वेगळीच होती. गिऱ्हाईक तुटत होतं, ते दिसतच होतं. पण सांगून टाकलं आणि ह्या माणसाने हेडफोन काढून खुंटीला लावला तर? मग मशीनवर जो उरेल, त्याच्याशी संसार कसा करायचा? तसाही संसार अर्धा झालाच होता. संसारातलं जे काही गोड असतं ते हळू आवाजातच बोललेलं असतं, आणि ते ओरडून सांगायला गेलं की त्याचं भांडण होतं.

त्या दुपारी भाऊजी सहज डोकावले होते, तेवढ्यात नवी पोस्टमास्तरीण कोट घेऊन आली. खांदे उतरत होते. मास्तर हेडफोन लावून, डोळे मिटून, पायाने ठेका धरून बसले होते. वहिनींनी दंडाला हात लावला तेव्हा भानावर आले, आणि बाईंच्या खांद्यांवर एक नजर टाकताच त्यांचा चेहरा उजळला. हेडफोन काढून त्यांनी तो अदबीने पुढे केला.

"बाई, हे तुमच्या मापाचं. नीट ऐका, गिटार मागून येते."

बाईंनी तो कानाला लावला. वहिनींचं लक्ष वायरकडे गेलं. वायर मशीनखाली चिंध्यांमध्ये पडली होती. तिची पिन कशातच खोचलेली नव्हती. भाऊजींनाही ती दिसली आणि ते छताकडे बघायला लागले.

म्हणजे इतका वेळ हे काय ऐकत होते? ऐकत होते, की आठवत होते? ठेका तर तंतोतंत होता.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग कुलीन घरातल्या माणसासारखी त्यांनी मान डोलवायला सुरुवात केली.

"कसं वाटलं?" मास्तरांनी विचारलं.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "फार... शांत आहे."

मास्तरांची नजर त्यांच्या ओठांवर होती. 'ओले बूट'ला आजवर कुणी शांत म्हटलं नव्हतं. त्यांनी एकदा बाईंकडे, एकदा भावाकडे पाहिलं, आणि शेवटी वहिनींकडे. काहीतरी चुकलंय एवढं त्यांना कळलं होतं. आता कुणीतरी ते सांगावं, म्हणून ते लहान पोरासारखे थांबले होते.

भाऊजी अजून छतच बघत होते.

वहिनींनी हातातलं जॅकेट खाली ठेवलं. "अहो," त्या म्हणाल्या, अगदी हळू, पूर्वी बोलायच्या तसं, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?" मास्तर म्हणाले.

वहिनींनी डोळे पुसले, छातीत श्वास भरून घेतला, आणि समोरच्या दवाखान्यापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडल्या, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही."