वरची मूठ

मित्रांनो, माझ्या पोटाला तीन पोचे आहेत म्हणून हसू नका. मी अधोली, तांदूळ मोजायचं जुनं पितळी माप. भोरच्या तांबटानं मला घडवलं आणि राजगडाच्या पायथ्याला, पालीत, साळूबाईंच्या घरी माझं आयुष्य गेलं. मला काठोकाठ भरायचं आणि वर एक मूठ टाकायची, ही साळूबाईंची रीत. "मोजून कुनी माया करतं व्हय?" असं त्या म्हणत.

पुढं त्यांची सून नूतन उंबऱ्यावर मला पायानं लवंडून घरात आली. राग नाही हो, तो मान असतो! पण तिनं बायकांचा गट काढला, इलेक्ट्रॉनिक काटा आणला आणि मी फडताळात गेले. खोटं कशाला बोलू, मला लई वाईट वाटलं.

गेल्या हिवाळ्यात जपानच्या एका कंपनीनं गटाकडे आंबेमोहोर मागितला. आधी पाच किलोच्या दोनशे पिशव्या. त्या पसंत पडल्या तर दरवर्षी खरेदी, शिवाय त्यांच्या खर्चानं पालीत भाताची गिरणी. भात भरडायला टेम्पोनं लांब नेऊन बायका मेटाकुटीला आल्या होत्या. सगळ्यांचा जीव त्या गिरणीत अडकला होता.

तपासायला कंपनीचे सातोसाहेब आले. पहिली पिशवी काट्यावर ठेवली, वजन जास्त. दुसरीचं जास्त. तिसरीचं त्याहून जास्त. नूतनचा चेहरा उतरला.

"आत्या, काय केलंत हे?"

"शिवायच्या आधी एकेक मूठ टाकली. परमुलखात चाललेत तांदूळ. कमी तर दिलं न्हाई?"

साहेबांनी इंग्रजीत सांगितलं, कागदावर पाच तर आत पाचच हवेत, नाहीतर माल बंदरावरून परत येईल. संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही तर सही मिळणार नाही.

मग काय, दोनशे पिशव्या उसवल्या. जास्तीचे तांदूळ ठेवायला भांडं हवं, तेव्हा नूतनला मी आठवले. पदरानं पुसून तिनं मला मधोमध ठेवलं. मी सहा वेळा भरले!

दुपारी त्यातलाच भात शिजवला. घमघमाट अख्ख्या आळीत गेला. साहेबांनी तिसऱ्यांदा आपणहून ताट पुढं केलं आणि विचारलं, ही मूठ कशासाठी? नूतन म्हणाली, "खाणाऱ्याच्या घरी कुणी पाहुणा आला तर, म्हणून." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी सगळी वजनं बरोबर भरली. सही झाली. मग साहेब म्हणाले, उरलेले तांदूळही वेगळ्या पिशवीत द्या, वजन लिहून.

साळूबाईंनी मला भरलं, पिशवीत ओतलं, आणि सवयीनं हात पुन्हा तांदळात गेला. तो तिथंच थबकला. सगळ्या बायका नूतनकडे बघू लागल्या.

"टाका, आत्या," नूतन म्हणाली. "वजन नंतर करू."

आज गिरणीचं जोतं बांधून झालंय. मित्रांनो, काटा चोख ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण घरात माझ्यासारखी कुणी पडली असेल तर भंगारात देऊ नका. दिवाळीला चिंच लावून घासा. पोचे असू द्या, आणि वरची मूठ विसरू नका.