शिवलेले डोळे

तुम्हाला ठाऊक होतं! शाळेच्या कचेरीत पंख्याखाली बसून शिक्के मारणाऱ्यांनो, तुम्हाला सगळं ठाऊक होतं. खटल्यात निघालंच: तीन मुलींनी कॅप्टन म्बेवेविरुद्ध लिहिलेल्या तीन चिठ्ठ्या तुमच्या टेबलावर आल्या होत्या. तेव्हा तुमचे हात हलले नाहीत. आता माणूस तुरुंगात गेला, रेडिओवर बोभाटा झाला, तेव्हा त्याच हातांनी तुम्ही फर्मान काढलंत: ज्याच्या घरी त्याचा चेहरा छापलेलं कापड असेल, त्यानं ते शनिवारी मैदानात आणून टाकावं. जाळायचं आहे.

कापड जाळायचं! जसा काही गुन्हा कापडानंच केला.

हे फर्मान शाळा समितीचे सेक्रेटरी काम्वेन्डो यांनी शिंपीण फालेसीच्या दारावर स्वतः डकवलं, कारण गावातली ती सगळी कापडं तिनंच शिवली होती. जाताना त्यांनी तिच्या टेबलावर एक नवा कोरा तागा ठेवला. हिरवा. त्याच्यावर दुसराच चेहरा हसत होता.

"आमायी फालेसी, शाळेचं नाव बदलतंय, आता यांचं लागणार. हे राजधानीतले नवे पाहुणे. समारंभाला चाळीस झगे हवेत."

"आणि जुने?"

"जुनं विसरायचं. म्हणून तर जाळतोय."

आमच्या तलावाकाठी ज्याला मान द्यायचा त्याला अंगावर घालतात. कॅप्टन म्बेवे तर मानाचाच माणूस होता. देशाच्या फुटबॉल संघाचा कप्तान. परदेशातून कप जिंकून आणला आणि राजधानीत बंगला न बांधता इथं येऊन मुलींसाठी शाळा काढली, वसतिगृह काढलं. मासे सुकवणाऱ्या बायकांच्या पोरी इंग्रजी बोलायला लागल्या. शाळेला दहा वर्षं झाली तेव्हा त्याच्या चेहऱ्याचं निळं चितेंजे कापड छापून आलं, आणि बायांनी ते कमरेला गुंडाळलं, त्याचे झगे शिवले, त्यात पोरं पाठीशी बांधली.

असलं कापड शिवायचा एक नियम असतो. चेहऱ्यावरून कात्री जाता कामा नये. शिवण कपाळावरून जाता कामा नये. आणि बसताना माणूस खाली दबेल अशा जागी चेहरा येता कामा नये. चेहरा छातीवर नाहीतर पाठीवर. फालेसीनं हा नियम इतक्या निष्ठेनं पाळला, की कापड वाया गेलं, पण कॅप्टनच्या कानाला धक्का लागला नाही. शेजारची गोगो नासिबेको, सगळ्यांची आजी, गावातली निम्मी माणसं जिच्या हातावर जन्मली ती म्हातारी सुईण, तेव्हाच खिदळली होती.

"अगं, माझ्या ढुंगणाखाली आला तर गुदमरेल होय तो? माणूसच आहे ना?"

"गोगो, असं बोलू नये."

"बोलू नये म्हणतेस तिथंच काहीतरी असतं बघ."

आता रेडिओवर खटल्याची बातमी आल्यापासून फालेसीला तो चेहरा सुखानं भाकरी खाऊ देत नव्हता. दोरीवर वाळत घातलेला, वाऱ्यानं गाल फुगवून तो हसायचा. विहिरीवर पुढच्या बाईच्या पाठीवरून बघायचा. समोरच्या घराच्या दाराला पडदा म्हणून लटकलेला असायचा आणि कुणी आत गेलं की दोन भाग होऊन पुन्हा जुळायचा. धुऊन धुऊन निळा रंग गेला होता, ओठ गेले होते, दात गेले होते. डोळे तेवढे राहिले होते. काळी शाई सगळ्यात चिवट. नुसते डोळे, गावभर.

आणि प्रत्येक जोडी डोळे तिला एकच दुपार दाखवायची.

दहा वर्षांपूर्वीची. तिच्या मेलेल्या बहिणीची पोर अलिनाफे, तेरा वर्षांची, अर्ध्या सत्रातच वसतिगृहातून चालत घरी आली होती. फालेसी टेबलावर हेच कापड पसरून कापत होती. पोर टेबलाखाली जाऊन बसली.

"धाकट्या आई, मला तिकडं परत पाठवू नकोस. ते... कॅप्टन संध्याकाळी खोलीत बोलावतात."

फालेसीनं पुढं ऐकलंच नाही. तिनं पोरीला बाहेर ओढून कापडापुढं उभं केलं होतं. "बघ! या तोंडाकडं बघ! हा माणूस असलं करेल? ज्याच्या जिवावर शिकतेस त्याच्यावर चिखल उडवतेस?" मग राग निवल्यावर तिला वाईट वाटलं. त्याच कापडाचा एक झगा रातोरात शिवून, चेहरा बरोब्बर छातीवर आणून, तिनं तो पोरीच्या अंगात घातला आणि तिला परत पाठवलं.

अलिनाफे पुढं शिकली नाही. शहरात, ब्लांटायरला, एका बेकरीत काम करते. सणाला येत नाही.

शुक्रवारी फालेसी जाळायची कापडं गोळा करायला बसली. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, अलिनाफे शाळा सोडून आली तेव्हा न उलगडताच टाकलेला, तो छोटा झगा निघाला. तिनं तो उलगडून छातीवरचा चेहरा समोर धरला.

त्याचे डोळे शिवलेले होते.

काळ्या दोऱ्यानं, जाड, वेडेवाकडे टाके. उजवा डोळा सात टाक्यांत, डावा नऊ. टाका ओळखीचा होता. तिनंच शिकवला होता, पोर पाच वर्षांची असताना, बटण लावायला. चेहरा छातीवर घेऊन राहायचं होतं तर निदान त्यानं बघू तरी नये, म्हणून त्या पोरीनं कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात बसून हे टाके घातले असतील!

कुंपणापलीकडून गोगो नासिबेको आली, झगा हातात घेतला आणि फालेसी ती दुपार सांगत असताना टाक्यांवरून बोट फिरवत राहिली.

"गोगो, मी काय राक्षस होते का गं?"

"नाही. तू भक्त होतीस. भक्ताला ऐकू येत नाही. ज्याला अंगावर घालून मिरवलं, त्याच्यावर बोट ठेवायचं म्हणजे आपलेच कपडे फाडायचे. चारचौघांत नागवं व्हायला कोण तयार असतं? म्हणून आपण पोरीला खोटं ठरवतो. ते सोपं पडतं."

"मग उद्या हे जाळू?"

"जाळ. सेक्रेटरीला तेच हवंय. आपण सगळे मिळून टाळ्या वाजवत होतो, त्याचा धूर करायचाय त्याला. आणि तो हिरवा तागा? त्याच्या खालीही कुणाची पोर बसायची आहे का?"

फालेसीनं ब्लांटायरला फोन लावला. पलीकडं पावाच्या पत्र्यांचा खडखडाट होता.

"अलिनाफे, तो झगा सापडला. डोळे शिवलेला."

त्या खडखडाटातूनच आवाज आला. "मग आता विश्वास बसला? कापडावर बसला तुझा. माझ्यावर बसला नव्हता."

फालेसीला रडायचं होतं, पण रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला कळत होतं. "उद्या सभा आहे. मी बोलणार आहे. तुझं नाव घेणार नाही."

"माझं नको घेऊस," पोर म्हणाली. "तुझं घे."

शनिवारी सकाळी आंब्याखाली सगळं गाव जमलं. मैदानात कापडांचा ढीग आणि ढिगातून शेकडो डोळे वर. सेक्रेटरी काम्वेन्डो घसा साफ करून म्हणाले, "आपण सगळेच फसलो. कुणालाच काही माहीत नव्हतं. आता नव्यानं सुरुवात करू."

"मला माहीत होतं!"

माना वळल्या. फालेसी उठली होती. एका काखेत हिरवा तागा, कात्री न लागलेला. दुसऱ्या हातात तो छोटा झगा, उंच धरलेला. पुढच्या बायांनी टाके बघितले आणि तोंडावर हात ठेवला.

"मी फालेसी. शिंपीण. मला एका पोरीनं सांगितलं होतं आणि मी तिला या माणसाच्या हवाली परत केलं, त्याचाच चेहरा घालून! मी फसले नव्हते. मी ऐकलं नाही. फसणं वेगळं आणि न ऐकणं वेगळं."

"आमायी, खाली बसा," सेक्रेटरी हळूच म्हणाले.

"बसले होते. दहा वर्षं बसले होते." तिनं तागा त्यांच्या पायाशी ठेवला. "हा तुमचा पाहुणा. भला असेल, देवमाणूस असेल. पण उद्या एखादी पोर त्याच्याबद्दल काही सांगायला आली, तर तिचं ऐकायला माझं अंग मोकळं हवं. मी चेहरे शिवणार नाही."

मागून एक बाई उठली. ढिगातून स्वतःचं कापड तिनं ओढून काढलं. "माझं जाळू नका," ती म्हणाली. "माझ्या पोरीनंही सांगितलं होतं." मग आणखी एक उठली. काडी ओढायला सरसावलेला शाळेचा शिपाई तसाच उभा राहिला.

भावाबहिणींनो, मोठ्या माणसाला मान जरूर द्या. पण त्याला अंगावर चढवू नका. एकदा चढला की त्याच्याविरुद्ध तोंड उघडत नाही, आणि आपलं तोंड बंद राहिलं की त्याची किंमत कुणाची तरी लेक भरते. घरातलं पोर काही सांगत असेल, तर हातातली कात्री खाली ठेवा आणि आधी ऐका.

फालेसीनं आपलं नाव घेतलं. आता राहिले तुम्ही. ती आंब्याखाली अजून उभी आहे, हातात झगा आहे, आणि शिपाई थांबल्यावर तिनं काम्वेन्डोंना जे विचारलं, तेच आम्ही सगळे तुम्हाला विचारतो आहोत:

त्या तीन चिठ्ठ्या कुणी उघडल्या? वाचून कुणी ड्रॉवरमध्ये टाकल्या? नाव सांगा. आम्ही घरी जाणार नाही.